क्रिएटिनिन किती आलं?

डाय घालून सीटी स्कॅन करायचा असला की खिडकीवरचा माणूस आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या ‘फिटनेस’मध्ये ती तपासणी असते, केमोच्या प्रत्येक सायकलआधी असते, अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी असते. मधुमेही माणसाला तर आपलं क्रिएटिनिन साखरेइतकंच तोंडपाठ असतं. तपासणी स्वस्त, सकाळी रक्त दिलं की संध्याकाळपर्यंत आकडा हातात. त्यामुळे ती सरसकट लिहिली जाते आणि सरसकट वाचलीही जाते: नॉर्मलच्या आत आहे ना, मग किडनी चांगली.

उपचाराआधी किडनी तपासायची कशासाठी? कारणं दोन आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की घोळ होतो. एक, बरीच औषधं लघवीवाटे बाहेर पडतात. किडनी मंदावली असेल तर नेहमीचाच डोस अंगात साचून जास्त होतो. दोन, काही औषधं किडनीलाच इजा करतात, आणि आधीच अशक्त झालेली किडनी तो मार सोसू शकत नाही. पहिला प्रश्न डोसाचा, दुसरा धोक्याचा. दोन्हींना आपण उत्तर म्हणून एकच आकडा पुढे करतो. तो कुठे पुरतो, कुठे तोकडा पडतो, कोणत्या उपचाराआधी खरोखर निर्णायक असतो, हे एकत्र मांडून पाहिलं की एक विसंगती दिसते. जिथला धोका आपण समजत होतो त्यापेक्षा बराच कमी निघाला, तिथे ही तपासणी काटेकोरपणे होते. जिथे रोज नुकसान होतं, तिथे ती होतच नाही.

आधी आकड्याकडे पाहू. क्रिएटिनिन किडनीत तयार होत नाही, स्नायूंत होतं. स्नायूंना ऊर्जा पुरवायला क्रिएटिन नावाचं द्रव्य असतं. त्यातला थोडा भाग रोज आपोआप झिजून क्रिएटिनिन बनतो, रक्तात येतो आणि किडनी तो गाळून टाकते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. गाळण्याच्या या वेगाला जीएफआर म्हणतात. तो मिनिटाला किती मिलिलिटर असा सांगायचा. तरुण, निरोगी माणसात तो शंभर-सव्वाशेच्या आसपास मानतात. थेट मोजायचा तर शिरेतून इन्युलिन किंवा किरणोत्सारी डीटीपीए देऊन काही तास नमुने घ्यावे लागतात. रोजच्या धबडग्यात ते जमत नाही, म्हणून स्नायूंच्या या कचऱ्यावरून अंदाज बांधायचा.

कचरा मोजण्याची युक्ती १८८६ सालची. माक्स याफे या जर्मन संशोधकाच्या लक्षात आलं की अल्कलीत मिसळलेल्या पिवळ्याधमक पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन पडलं की द्रावण नारिंगी-लाल होतं. रंग जितका गडद तितकं क्रिएटिनिन जास्त. त्यानंतर जगात काय काय बदललं, पण आज अनेक लॅबमधल्या चकचकीत मशीनच्या पोटात हीच रंगाची क्रिया चालते, फक्त रंग डोळ्याऐवजी यंत्र वाचतं. तिचा दोष असा की पिक्रिक आम्लाला क्रिएटिनिन तेवढं ओळखू येत नाही. रक्तात कीटोन वाढले असले, साखर फार चढली असली, काही अँटिबायोटिक्स चालू असली, तरी रंग गडद होतो. उलट काविळीत बिलिरुबिनमुळे तो फिका पडू शकतो. एन्झाइम वापरून मोजण्याची पद्धत जास्त नेमकी, पण महाग. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत पद्धतीचं नाव छापलेलं असतं. दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत म्हणून घरात वाद घालण्याआधी ती ओळ वाचावी.

लॅबच्या चुकीपेक्षा मोठी अडचण आकड्याच्या स्वभावात आहे. गाळण्याचा वेग निम्मा झाला की क्रिएटिनिन दुप्पट होतं. ऐकायला हे सरळ वाटतं, पण परिणाम बघा. एखाद्या बाईचं क्रिएटिनिन ०.६ होतं आणि ते १.२ झालं, तर तिची निम्मी गाळणक्षमता गेली. रिपोर्टवर मात्र फार तर एक ठळक ‘एच’ छापला जाईल, कारण बायकांची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी १.१ च्या आसपास असते. दुसऱ्या एकाचं ८ वरून १० झालं की घरचे हादरतात, वास्तविक तिथे गमावण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. सुरुवातीला किडनी मुकाट्याने झिजते आणि क्रिएटिनिन तिला साथ देतं.

शिवाय ज्याच्या अंगावर मांस नाही त्याचा कचराही कमी. अंथरुणाला खिळलेला माणूस, लिव्हर सिरॉसिसचा रुग्ण, पाय कापावा लागलेला मधुमेही, हाडांचा सापळा झालेली म्हातारी, या सगळ्यांचं क्रिएटिनिन किडनी बिघडूनही ‘छान’ येतं. उलट जिमला जाऊन क्रिएटिनची पावडर खाणाऱ्या, किंवा आदल्या रात्री मटणावर आडवा हात मारलेल्या तरुणाचं किडनी धडधाकट असूनही जरा वर येतं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं ट्रायमेथोप्रिम किडनीला काही न करता नुसता आकडा वाढवतं. गरोदरपणात किडनीचं काम वाढून क्रिएटिनिन ०.४ ते ०.६ पर्यंत उतरतं, त्यामुळे दिवस गेलेल्या बाईचं ०.९ हे डॉक्टरांनी भुवया उंचवाव्यात असं असतं, आणि लॅब मात्र त्याला नॉर्मल म्हणून मोकळी होते.

यावर उपाय म्हणून सूत्रं आली. १९७६ साली कॅनडातल्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी २४९ रुग्णांच्या मोजणीवरून एक साधा हिशेब दिला: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, बाई असेल तर आलेला आकडा ०.८५ ने गुणा. हे सगळे रुग्ण पुरुष होते, बायकांसाठीचा तो ०.८५ अंदाजाने लावलेला. तरी पन्नास वर्षं होत आली, हे सूत्र औषधांच्या डोसांत ठाण मांडून बसलं आहे. १९९९ साली एमडीआरडी आलं, २००९ साली सीकेडी-ईपीआय आलं. या दोन्हींत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता, त्यामुळे त्यांची किडनी कागदावर जास्त चांगली दिसायची. त्यावर बरीच खडाजंगी होऊन २०२१ साली तो काढून टाकलेलं नवं सूत्र आलं. रिपोर्टवर क्रिएटिनिनखाली ‘ईजीएफआर’ म्हणून जो आकडा असतो, तो यांपैकी कोणत्या तरी सूत्राचा.

आता एक हिशेब करून पाहू. ७५ वर्षांच्या एक आजी. वजन ४२ किलो, उंची १४८ सेंटिमीटर, क्रिएटिनिन १.१. लॅबने काही अधोरेखित केलेलं नाही. २०२१ चं सूत्र लावलं तर ईजीएफआर येतो ५२. पण हा ५२ छापताना आजींचं शरीर १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाचं धरलेलं असतं. हा १.७३ आकडा १९२० च्या दशकातल्या तरुण अमेरिकनांच्या सरासरीवरून आला आणि तेव्हापासून जगभर तसाच चालू आहे. आजींचं शरीर भरतं जेमतेम १.३. त्या मापाला आणलं की ५२ चे ४० होतात. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट लावलं तर २९. रक्ताचा थेंब एक, उत्तरं तीन. हेच १.१ क्रिएटिनिन २५ वर्षांच्या, ७८ किलोच्या तरुणाचं असतं तर नवं सूत्र ९६ सांगतं, जुनं ११३. म्हणजे ‘क्रिएटिनिन १.१’ हे अर्धवट वाक्य आहे. कुणाचं, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

आणि ही सूत्रं आपल्यासाठी बेतलेली नाहीत. चंडीगडच्या पीजीआयमधल्या संशोधकांनी इन्युलिन वापरून प्रत्यक्ष मोजणी केली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: क्रिएटिनिनवर आधारलेली प्रचलित सूत्रं भारतीयांचा जीएफआर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. कारण उघड आहे. आपल्याकडे मांसाहार कमी, प्रथिनं कमी, स्नायू कमी. वरणभात-भाजीवर जगणाऱ्या किरकोळ बांध्याच्या माणसाचा कचरा मुळातच थोडा, आणि सूत्र समजतं की किडनीने तो उत्तम गाळला. छापील ईजीएफआर आपल्याकडे जरा खालचाच समजून वाचावा, असं म्हणायला हरकत नाही.

इथे वाटेत एक गंमत. मुलाकडे लंडनला गेलेल्या आईवडिलांचं रक्त तपासलं आणि क्रिएटिनिन ९७ आलं की फोनवर रडारड होते. ते मायक्रोमोलमध्ये असतं. ८८.४ ने भागा, १.१ येतं. युरियाचंही तसंच आहे. एका लॅबने युरिया ४३ लिहिला आणि दुसरीने बीयूएन २०, तर दोन्ही एकच, बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. युरिया तसाही बेभरवशाचा. पाणी कमी प्यायलं, पोटात रक्तस्राव झाला, स्टेरॉइड चालू असलं तरी तो चढतो. नुसत्या युरियावरून किडनीबद्दल काही ठरवू नये.

आता उपचारांकडे. सगळ्यात जास्त धाक सीटी स्कॅनच्या आयोडीनयुक्त डायचा. विसाव्या शतकाच्या मध्यापासून डाय दिल्यावर किडनी बंद पडल्याच्या नोंदी येऊ लागल्या आणि ‘डायने किडनी जाते’ हे समीकरण रुजलं. जुने डाय खरोखरच उग्र होते, हे खरं. पण या अभ्यासांत एक मोठी त्रुटी राहिली होती. डाय दिल्यानंतर क्रिएटिनिन वाढलं की दोष डायला जायचा. डाय न दिलेल्या, तितक्याच आजारी रुग्णांचं काय होतं, हे कुणी पाहत नव्हतं. २००८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ते पाहिलं. डाय न दिलेल्या ३० हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर निम्म्याहून अधिक जणांच्या क्रिएटिनिनमध्ये २५ टक्के किंवा त्याहून जास्त चढउतार आपसूक झालेला. ताप, जंतुसंसर्ग, कमी रक्तदाब, उलट्या-जुलाब, इतर औषधं, या साऱ्यांचं खापर डायच्या माथी फुटत होतं.

त्यानंतर एकेक समज गळून पडला. डायच्या आधी सलाइन चढवायची प्रथा नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या डॉक्टरांनी तपासून पाहिली. ईजीएफआर ३० ते ५९ असलेल्या ६६० रुग्णांपैकी अर्ध्यांना सलाइन दिली, अर्ध्यांना काहीच दिलं नाही. २०१७ साली निकाल आला की फरक नाही. पुढच्याच वर्षी अँजिओग्राफीच्या सुमारे पाच हजार रुग्णांवरच्या चाचणीत सोडिअम बायकार्बोनेट आणि एसिटिलसिस्टीन या दोन्हींचा काही उपयोग नसल्याचं दिसलं. ही औषधं ‘किडनीच्या रक्षणासाठी’ म्हणून कित्येक वर्षं लिहिली जात होती. २०२० साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनी या दोन्ही क्षेत्रांतल्या संस्थांनी मिळून सांगितलं की शिरेतून दिलेल्या डायचा धोका पूर्वी फुगवून सांगितला गेला. खरी काळजी घ्यायची ती ईजीएफआर ३० च्या खाली असेल तेव्हा किंवा किडनीला ताजी इजा झालेली असेल तेव्हा.

म्हणून तपासणी सोडून द्यायची असं नाही. डायलिसिसच्या उंबरठ्यावरचा माणूस रक्तातूनच ओळखू येतो. पण डोक्याला मार लागलेला, पोटात फुटलेल्या आतड्याचा संशय असलेला रुग्ण क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबवून ठेवणं, किंवा १.५ आलं म्हणून डायशिवाय स्कॅन उरकून निदान हुकवणं, याचं नुकसान जास्त. एमआरआयच्या गॅडोलिनियम डायची कथा याच्या उलट. तिथे धोका आधी कुणाला माहीतच नव्हता. किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी आणि सांधे लाकडासारखे ताठ होत गेले, आणि २००६ साली त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला गेला. तपासणी सक्तीची झाली, धोकादायक प्रकारचे डाय मागे पडले, आणि आजच्या स्थिर रचनेच्या डायमध्ये हा आजार अत्यंत विरळा झाला.

कॅन्सरच्या उपचारात हा आकडा थेट सलाइनच्या बाटलीत उतरतो. कार्बोप्लॅटिन या औषधाचा डोस कॅल्व्हर्ट यांच्या १९८९ च्या सूत्राने काढतात: हवी ती औषधपातळी गुणिले (जीएफआर अधिक २५). पातळी ५ धरली आणि आपल्या वरच्या आजींचा जीएफआर २९ घेतला तर डोस २७० मिलिग्रॅम. ४० घेतला तर ३२५. छापील ५२ तसाच उचलला तर ३८५. जास्त झाला तर प्लेटलेट्स कोसळतात, कमी झाला तर गाठीवर परिणाम होत नाही. मध्यंतरी लॅबमध्ये क्रिएटिनिन मोजण्याचं जागतिक प्रमाणीकरण झालं, आकडे किंचित खाली आले, आणि तेवढ्यानेच सूत्रातून निघणारे डोस वाढले. म्हणून २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला सांगावं लागलं की हिशेबात जीएफआर १२५ च्या वर धरू नका. सिस्प्लॅटिनचं गणित वेगळं. ते किडनीच्या नलिकांनाच जाळतं, म्हणून जीएफआर ५०-६० च्या खाली असेल तर ऑन्कोलॉजिस्ट दुसरं औषध शोधतात, आणि दिलंच तर आधी-नंतर भरपूर सलाइन. जिथे आकडा असा डोस ठरवतो, तिथे क्रिएटिनिनवर न थांबता सिस्टाटिन-सी ही दुसरी तपासणी करावी किंवा डीटीपीए स्कॅनने जीएफआर मोजून घ्यावा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ही सोय असते.

सिस्टाटिन-सी हे शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींतून निघणारं छोटं प्रथिन. स्नायू किती, मटण खाल्लं की नाही, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. स्टेरॉइड, थायरॉइड, धूम्रपान, लठ्ठपणा यांनी मात्र ते हलतं. दोन्ही आकडे एकत्र घालणारं सूत्र सगळ्यात भरवशाचं, आणि निर्णय अटीतटीचा असेल तेव्हा तेच वापरावं, असं २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आपल्याकडे ते अजून सगळीकडे होत नाही आणि क्रिएटिनिनच्या कैक पट महाग पडतं. कृश, वृद्ध माणसासाठी हा खर्च वाया जात नाही, एवढं खरं.

औषधाआधीची आणि औषध चालू असतानाची तपासणी महाराष्ट्राने खरी अनुभवली ती २०२१ च्या उन्हाळ्यात. कोविडमागोमाग म्युकरमायकोसिस आला, आणि त्यावरचं औषध अँफोटेरिसिन-बी. लायपोसोमल प्रकार किडनीला बराच सौम्य, पण त्याचा तुटवडा. त्यामुळे कित्येकांना जुना, स्वस्त, किडनीला झोंबणारा प्रकार द्यावा लागला. रुग्णही बहुतेक मधुमेही, स्टेरॉइड घेतलेले, म्हणजे किडनी आधीच नाजूक. अशा वॉर्डात दिवस सुरू व्हायचा तो क्रिएटिनिन आणि पोटॅशिअमने. औषधाआधी सलाइनची बाटली, मग चार-सहा तास हळूहळू अँफोटेरिसिन, पोटॅशिअम घसरलं की ते भरून काढायचं, क्रिएटिनिन दुपटीकडे गेलं की एक दिवस औषध रोखायचं आणि पुन्हा सुरू करायचं. बुरशी डोळ्याकडे सरकते आहे आणि किडनी मागे पडते आहे, अशा कात्रीत रोजचा तो आकडा खरोखर उपयोगी पडला. कारण तिथे एकट्या आकड्यापेक्षा कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक पाहिला जात होता. जेंटामायसिन, अमिकासिन या इंजेक्शनांनाही हेच लागू. ती सुरू करताना क्रिएटिनिन पाहिलं आणि नंतर आठवडाभर पाहिलंच नाही, तर पाहून काय उपयोग? त्यांची इजा बहुधा पाचव्या-सातव्या दिवसानंतर दिसू लागते, आणि लघवी व्यवस्थित होत असते म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

ऑपरेशनचं थोडक्यात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी किडनी पाहायलाच हवी. क्रिएटिनिन २ च्या वर असणं हे शस्त्रक्रियेत हृदयाला धोका असल्याचंही एक लक्षण मानतात. मोतीबिंदूचं मात्र तसं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे १९ हजार मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला: आधी सरसकट रक्ततपासण्या केलेल्या आणि न केलेल्या गटांत गुंतागुंतीचं प्रमाण सारखंच. तरी फिटनेसच्या यादीत क्रिएटिनिन असतंच. कुणाचं काही बिघडत नाही, खर्च तेवढा वाढतो.

आता जिथे कुणी रिपोर्ट मागत नाही ती जागा. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन. कंबर धरली, गुडघा सुजला, लावणी करून अंग आंबलं, की मेडिकलमधून एक स्ट्रिप. किडनीला रक्त आणणारी नलिका रुंद ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात. ही औषधं त्यांनाच अडवतात. भरपूर पाणी प्यायलेल्या तरुणाला दोन दिवसांत फरक पडत नाही. पण एप्रिलच्या उन्हात दिवसभर घाम गाळलेला, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवीची गोळी घेणारा साठीचा माणूस तीच स्ट्रिप आठवडाभर घेतो तेव्हा किडनीवर तिन्ही बाजूंनी दाब येतो. डॉक्टरांना हे त्रिकूट नीट माहीत आहे. पण डॉक्टरांकडे जायच्या आधीच गोळी घेतलेली असते. या औषधाने किडनी कशी जाते याचा पुरावा आपल्याच आकाशात होता. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या बंद पडल्या, आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर चढला. हे २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणूस गिधाडापेक्षा कितीतरी पट सहनशील, हे कबूल. पण वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्याचं क्रिएटिनिन वर्षातून एकदा पाहणं, हे स्कॅनच्या खिडकीवरच्या तपासणीपेक्षा जास्त किडन्या वाचवेल असं मला वाटतं.

उलट अशीही औषधं आहेत जी आकड्याच्या भीतीने विनाकारण बंद केली जातात. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी औषधं सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षितच असते, कारण ही औषधं किडनीवरचा दाब उतरवतात आणि त्यातच तिचं दीर्घकालीन भलं असतं. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशिअम पाहायचं आणि पुढे चालू ठेवायचं. मेटफॉर्मिनचंही तसंच झालं. पुरुषात १.५ आणि बाईत १.४ क्रिएटिनिन झालं की ते बंद, असा नियम होता. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो बदलून ईजीएफआरवर आणला: ३० च्या खाली बंद, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करू नये. या एका बदलाने पुष्कळ धडधाकट पुरुषांना त्यांची गोळी परत मिळाली, आणि कृश बायकांचा लपलेला धोका पुढे आला.

आणखी एक गोष्ट सूत्रं सांगत नाहीत: काळ. ती गृहीत धरतात की क्रिएटिनिन स्थिर आहे. घोणस चावल्यावर किंवा गंभीर जंतुसंसर्गात किडनी आज सकाळी बंद पडली, तर संध्याकाळचं क्रिएटिनिन जेमतेम हललेलं असतं. कचरा साचायला वेळ लागतो. दोन्ही किडन्या पूर्ण थांबल्या तरी ते दिवसाला एक-दीड अंकानेच चढतं. अशा वेळी छापील ईजीएफआरला काही अर्थ नसतो. म्हणून ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा सात दिवसांत दीडपट, हीच तातडीच्या इजेची व्याख्या आहे, मग आकडा नॉर्मलच्या आत का असेना. ती ओळखायची तर जुना आकडा हवा. रिपोर्ट वर्षाच्या शेवटी रद्दीत घालणारी घरं पाहिली की वाईट वाटतं. पाच वर्षांपूर्वीचं ०.७ हातात असेल तर आजच्या १.१ चा अर्थ बदलतो.

रक्ताच्या जोडीला लघवी पाहायला हवी, विशेषतः मधुमेहात. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण ३० च्या वर गेलं की चाळणीला भोकं पडू लागली, आणि हे रक्तातला आकडा हलण्याच्या कितीतरी वर्षं आधी कळतं. तपासणी महाग नाही, सुई टोचावी लागत नाही, तरी ती क्रिएटिनिनच्या मानाने फारच कमी लिहिली जाते.

पण तीही सगळीकडे कामाची नाही. गोव्यात काणकोणमध्ये, आंध्रच्या उद्दानममध्ये मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा शेतकरी-कष्टकऱ्यांच्या किडन्या झिजत जातात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांतून किडनीविकाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. बोट पाण्याकडे दाखवलं जातं, पण नेमक्या कारणावर एकमत झालेलं नाही. कारण न सापडलेल्या या विकारात लघवीत प्रथिनं फारशी उतरत नाहीत, सूज येत नाही, आणि लक्षात येतं ते क्रिएटिनिन वाढल्यावरच. तेही अंगमेहनतीने कृश झालेल्या, चांगलंचुंगलं न खाणाऱ्या माणसाचं, म्हणजे उशिरानेच. अशा गावांत तपासणी शिबिरं भरतात, रक्त घेतलं जातं, रिपोर्ट वाटले जातात. दीर्घकालीन किडनीविकार म्हणायचा तर तोच बिघाड तीन महिन्यांनी पुन्हा दिसावा लागतो. शिबिर एक दिवसाचं असतं. दुसरं रक्त घ्यायला प्राथमिक आरोग्य केंद्रातून कुणी जायचं, आणि तोवर त्या माणसाला दुखण्याची गोळी घेऊ नको हे कुणी सांगायचं, याची जबाबदारी कागदावर कुणाच्याच नावाने नसते.